प्रकाशन व्यवसायात यायचंय? पदव्युत्तर शिक्षण आणि उमेदवारी यांची सांगड कशी घालावी

प्रकाशनाचं शिक्षण घ्यायला निघालेल्या बहुतेकांना संपादक व्हायचं असतं. संपादक म्हणजे दिवसभर हस्तलिखितं वाचणारा माणूस, असं चित्रही त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. प्रत्यक्षात कामाचे तास पत्रव्यवहार, बैठका, वेळापत्रक, करार, मुखपृष्ठाच्या सूचना आणि खर्चाचे तक्ते यांत जातात. वाचन पुष्कळदा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी होतं. हे ऐकूनही ज्याचा उत्साह टिकतो, त्याच्यासाठी हा लेख आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. एक पुस्तक संहितेपासून वाचकाच्या हातापर्यंत नेलेला आणि वाटेतल्या प्रत्येक निर्णयाचं कारण सांगू शकणारा माणूस या व्यवसायासाठी तयार झालेला असतो. पदवी, अल्पमुदतीचा अभ्यासक्रम, उमेदवारी (म्हणजे इंटर्नशिप), स्वतः काढलेलं छोटं मासिक या सगळ्यांची किंमत याच मापाने ठरवायची. त्या वाटेवर जे तुम्हाला पुढे नेतं, त्यावर वेळ आणि पैसा खर्च करा.

आधी क्षेत्र ठरवा, मग खुर्ची

'प्रकाशन' या एका शब्दाखाली निरनिराळे व्यवसाय नांदतात. कथा-कादंबऱ्या, चरित्रं, सर्वसाधारण वाचकाची माहितीपर पुस्तकं हा एक भाग. शालेय आणि महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकं हा दुसरा. तिथे अभ्यासक्रम बदलला की अख्खी यादी बदलते. विद्यापीठीय ग्रंथ आणि संशोधनपत्रिका हा तिसरा. त्यात तज्ज्ञांकडून होणारं परीक्षण, संदर्भांची शिस्त आणि डिजिटल वितरण यांना महत्त्व असतं. मुलांच्या पुस्तकांत चित्रकार हा लेखकाइतकाच मोठा भागीदार असतो आणि पृष्ठसंख्या आधीच बांधलेली असते.

प्रत्येक क्षेत्रात पुन्हा वेगवेगळ्या खुर्च्या आहेत: संपादन, निर्मिती, मांडणी आणि मुखपृष्ठ, हक्कविक्री (अनुवाद, चित्रपट यांसारखे हक्क विकणं), करार, प्रसिद्धी, विक्री, मेटाडेटा (पुस्तकाची विक्रेत्यांना लागणारी नोंदमाहिती). नवोदितांची गर्दी पहिल्या खुर्चीभोवती होते आणि बाकीच्या जागांना चांगली माणसं मिळत नाहीत. निर्मिती आणि हक्कविक्री या दोन विभागांत उमेदवारांनी आवर्जून डोकावावं असं मला कळकळीने वाटतं. पुस्तक कसं उभं राहतं आणि त्यातून पैसा कुठून येतो, हे तिथे उघड दिसतं.

शिवाय आत येण्याचा दरवाजा आणि पुढे मिळणारी खुर्ची एकच असावी लागत नाही. विसाव्या शतकातले अत्यंत नावाजलेले संपादक मॅक्सवेल पर्किन्स अर्थशास्त्र शिकले होते. वार्ताहर म्हणून काम करून १९१० साली ते स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेत आले, तेही जाहिरात विभागात. संपादकीय विभागात ते चार वर्षांनी गेले. कादंबरीकार टोनी मॉरिसन यांनी १९६०च्या दशकात रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेच्या पाठ्यपुस्तक शाखेत संपादनाला सुरुवात केली आणि नंतर त्या मुख्य कार्यालयात साहित्याच्या संपादक झाल्या. तेव्हा 'मला फक्त कादंबऱ्यांचंच काम हवं' असा हट्ट धरून पाठ्यपुस्तकांची संधी नाकारू नका.

पदव्युत्तर पदवीची गरज कोणाला?

वैद्यक किंवा वकिली यांसारखी परवान्याची अट या व्यवसायाला नाही. पदवीशिवाय उत्तम काम करणारे असंख्य लोक आहेत. मग वर्ष-दोन वर्षं त्यात का घालवायची?

दोन कारणं मला पटतात. पहिलं असं, की नोकरीत तुम्हाला एकाच टेबलावरचं काम दिसतं; चांगल्या अभ्यासक्रमात सगळी टेबलं दिसतात. संपादकीय साहाय्यकाला खर्चाचा तक्ता पाहायला मिळायला काही वर्षं लागू शकतात, विद्यार्थ्याला तो पहिल्या सत्रात करावा लागतो. दुसरं कारण ओळखींचं. या व्यवसायात बऱ्याच जागा जाहीर होण्याआधीच तोंडोतोंडी भरल्या जातात. ज्याच्या घरी, शेजारी, नात्यात कोणी प्रकाशक नाही, त्याला ही ओळख अभ्यासक्रमातून मिळू शकते.

याउलट तुम्ही आधीच एखाद्या प्रकाशनसंस्थेत किंवा नियतकालिकात काम करत असाल, तर नोकरी सोडून पदवीमागे जाण्याआधी दोनदा विचार करा. तुम्हाला कदाचित एखादंच कौशल्य कमी पडत असेल: कॉपी एडिटिंग (मजकुराची भाषा आणि तपशील तपासणं), ई-पुस्तकनिर्मिती किंवा हक्कांचे करार. त्यासाठी छोटे अभ्यासक्रम पुरतात. कोलंबिया विद्यापीठाचा प्रकाशन अभ्यासक्रम १९४७ साली रॅडक्लिफ कॉलेजात सुरू झाला आणि पुढे कोलंबियात गेला. तो काही आठवड्यांचाच आहे आणि त्यातून पदवी मिळत नाही. डेन्व्हर पब्लिशिंग इन्स्टिट्यूट १९७६ पासून उन्हाळी वर्ग घेते. कोलकात्यात सीगल बुक्सने प्रकाशनाची शाळा काढली, तिथे संपादन आणि पुस्तकरचना शिकवतात. मुद्रितशोधन (प्रूफ तपासणं) आणि कॉपी एडिटिंगसाठी ब्रिटनमधली चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ एडिटिंग अँड प्रूफरीडिंग ही संस्था दूरशिक्षणाने प्रशिक्षण देते आणि प्रशिक्षण व अनुभव पाहून सभासदत्वाच्या पायऱ्या ठरवते.

कर्ज काढून महागडी पदवी घ्यायची की नाही, हे ठरवताना एक गोष्ट डोळ्यांआड करू नका: या व्यवसायात सुरुवातीचे पगार माफक असतात. अर्ज करण्यापूर्वी सुरुवातीच्या पदांच्या जाहिराती पाहा, त्यातला पगार लिहून काढा आणि शुल्काशेजारी मांडा. आकडे जुळत नसतील, तर छोटा अभ्यासक्रम आणि उमेदवारी हा मार्ग कमीपणाचा मानू नका.

अभ्यासक्रम निवडताना काय पाहावं

माहितीपुस्तिकेतली इमारतींची छायाचित्रं बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: इथले विद्यार्थी खरी पुस्तकं काढतात का? वर्गापुरतं नकली पुस्तक वेगळं. खऱ्या लेखकाशी करार, खरी मुदत, खरा खर्च आणि अनोळखी वाचक असलेलं पुस्तक वेगळं. पोर्टलँड स्टेट विद्यापीठात २००१ साली सुरू झालेली ऊलिगन प्रेस विद्यार्थ्यांनीच चालवायची प्रकाशनसंस्था म्हणून उभी राहिली: संहितांची निवड, संपादन, मांडणी, प्रसिद्धी सगळं विद्यार्थ्यांकडे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या प्रकाशनविषयक पदव्युत्तर पदवीत वर्गातल्या गटप्रकल्पांनंतर प्रत्यक्ष कामाचा काळ आणि त्यावर आधारित अहवाल अशी रचना आहे. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठातलं प्रकाशन-अभ्यास केंद्र १९८२ पासूनचं. ऑक्सफर्ड ब्रुक्स, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, एडिंबरा नेपियर, न्यूयॉर्क विद्यापीठ, बोस्टनचं एमर्सन कॉलेज याही ठिकाणी प्रकाशनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत.

लायडन किंवा माइन्ससारख्या विद्यापीठांत ग्रंथविद्येची परंपरा मोठी आहे. तिथे पुस्तकाचा इतिहास, वाचनसंस्कृती, माध्यमांचं परिवर्तन यांचा सखोल अभ्यास होतो. ज्याला संशोधनाकडे, ग्रंथसंग्रहाकडे किंवा अध्यापनाकडे वळायचं आहे त्याला हे उत्तम. उद्या निर्मिती विभागात बसायचं असेल, तर मात्र कार्यशाळेचे तास किती ते नीट मोजा.

विभागप्रमुखांना पत्र लिहून विचारायचे प्रश्न असे. शिकवणाऱ्यांपैकी किती जण आजही व्यवसायात काम करतात? उमेदवारी अनिवार्य आहे का, आणि ती मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची? गेल्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कुठल्या पदांवर आहेत? खर्चाचा अंदाज, करार आणि ई-पुस्तकनिर्मिती हे विषय सक्तीचे आहेत की ऐच्छिक? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून अभ्यासक्रम किती गंभीर आहे ते बऱ्यापैकी कळतं. त्यानंतर एखाद्या माजी विद्यार्थ्याशी थेट बोला. तो जे सांगेल ते पुस्तिकेत नसतं.

अर्जाबद्दल थोडक्यात. 'मला लहानपणापासून पुस्तकांची आवड आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, तुमच्या अर्जात ते नको. त्याजागी एखाद्या प्रकाशनसंस्थेची यादी नीट अभ्यासून लिहा: गेल्या काही वर्षांत त्यांनी कुठली पुस्तकं काढली, त्यातून त्यांचा वाचक कोण असावा असं दिसतं, त्या यादीत कुठली जागा रिकामी आहे. प्रकाशकासारखा विचार करणारा उमेदवार निवड समितीला लगेच ओळखू येतो. लेखननमुन्यांत एखादं पुस्तक-परीक्षण आणि एखादा संपादित उतारा, मूळ मजकुरासह, जोडा.

एक पुस्तक तडीस न्या

प्रवेश मिळाला, किंवा प्रवेश न घेता स्वतःच शिकायचं ठरवलं, तरी वर्षाचा कणा एकच असू द्या: एक पूर्ण पुस्तक. साठ-सत्तर पृष्ठांचं असलं तरी चालेल. वर्गमित्रांच्या कथांचा संग्रह, एखाद्या संस्थेचा इतिहास, प्रताधिकार (कॉपीराइट) संपलेल्या जुन्या लेखनाची टिपांसह नवी आवृत्ती, काहीही चालेल. गटात काम असेल तर ज्या कामाला कोणी हात लावायला तयार नाही ते मागून घ्या. ते बहुधा खर्चाचं किंवा वेळापत्रकाचं असतं.

संहिता हाती आली की पहिलं काम वाचन-अहवालाचं. एक ते दोन पृष्ठं पुरे. पुस्तक काय आहे, कोणासाठी आहे, बलस्थान कुठे आहे, कुठे ढेपाळतं, अलीकडच्या कुठल्या पुस्तकांच्या शेजारी ते दुकानात ठेवलं जाईल, आणि तुमची शिफारस: घ्यावं, दुरुस्तीनंतर पुन्हा पाहावं की परत करावं. शिफारस टाळणारा अहवाल निरुपयोगी. 'भाषा सुंदर आहे, वाचकांना आवडू शकेल' एवढ्यावर कोणताही प्रकाशक पैसे गुंतवत नाही.

संपादनाच्या पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम मोडू नये. आधी रचना: प्रकरणांचा क्रम, काय गळलं, काय जास्त झालं. मग ओळीओळीचं संपादन: वाक्यांचा ओघ, सूर. मग कॉपी एडिटिंग: शुद्धलेखन, सुसंगती, तपशिलांची पडताळणी, संदर्भ. पानं लागल्यावर मुद्रितशोधन. रचनेतला दोष प्रूफ वाचताना सापडला, तर एक परिच्छेद काढल्याने पुढची सगळी पानं सरकतात, अनुक्रमणिका आणि सूचीतले पृष्ठक्रमांक चुकतात, आणि दुरुस्तीतून नव्या चुका शिरतात.

कॉपी एडिटिंग करताना पहिल्या पानापासून स्टाइल शीट ठेवा: कुठलं विशेषनाम कसं लिहिलं, संख्या अंकी की अक्षरी, तारखांची पद्धत, अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी, जोडशब्दांत संयोगचिन्ह आहे की नाही. मोठ्या संस्थांच्या नियमावल्या अशा टिपणांतूनच वाढल्या. शिकागो विद्यापीठ मुद्रणालयाची नियमावली १९०६ साली पुस्तकरूपाने आली, तिचं मूळ तिथल्या जुळाऱ्यांनी (खिळे जुळवणाऱ्यांनी) आणि मुद्रितशोधकांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या नोंदींत आहे.

लेखकाला शंका कशी विचारावी, हे वेगळं कौशल्य आहे. 'हे स्पष्ट होत नाही' असं समासात खरडलं की लेखक चिडतो आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'पृष्ठ ४२ वर नायकाचा जन्म १९७१चा आहे आणि पृष्ठ ११८ वर १९९० साली तो २५ वर्षांचा आहे. जन्मसाल १९६५ करू या, की वय १९?' पुरावा दाखवला, पर्याय दिले, निर्णय लेखकाचा ठेवला. अशा शंकांचं पत्र नीट लिहिता येणारा साहाय्यक लवकर वर चढतो.

निर्मितीच्या टप्प्यावर पुस्तक ही वस्तू बनते. ऑफसेट छपाईत मोठ्या कागदावर एकाच वेळी अनेक पृष्ठं छापून तो कागद घडी घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. फर्मा १६ पृष्ठांचा धरला, तर १२ फर्म्यांत १९२ पृष्ठं बसतात. मजकूर १९४ वर संपला, तर दोन पृष्ठांसाठी नवा फर्मा किंवा त्याचा तुकडा लागतो, खर्च वाढतो आणि शेवटी कोरी पानं उरतात. अशा वेळी निर्मिती विभाग संपादकाकडे येतो: दोन पृष्ठं कमी होतील का? कुठली ओळ वर ओढायची, कुठलं प्रकरण नव्या पानाऐवजी सलग सुरू करायचं, याचं उत्तर दोघांनी मिळून काढायचं असतं. मुखपृष्ठाच्या फाइलसाठी स्पाइनची (पुस्तकाच्या कण्याची) रुंदी लागते: १९२ पृष्ठं म्हणजे ९६ पानं, एका पानाची जाडी ०.१ मिलिमीटर असेल तर ९.६ मिलिमीटर, वर मुखपृष्ठाच्या कागदाची जाडी. कागदाच्या तंतूंची दिशा स्पाइनला समांतर आहे ना हे विचारा. आडवी असली तर पुस्तक ताठ राहतं, नीट उघडत नाही. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला साधारण ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला भाग), छपाईसाठी चित्रं ३०० डीपीआय (इंचाला ठिपके), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे), फॉन्ट फाइलमध्ये बसवलेले. हे सगळं छापखान्यात जाऊन शिकावं. छपाई सुरू असताना यंत्राशेजारी उभं राहून जे समजतं ते पडद्यावर समजत नाही.

ई-पुस्तक म्हणजे छापील पीडीएफची प्रत नव्हे. ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची प्रचलित फाइल, आतून वेबपानांसारखी असते. शीर्षकं, परिच्छेद, टिपा यांना रचनेच्या खुणा दिल्या तरच ती वेगवेगळ्या पडद्यांवर नीट दिसते आणि दृष्टिहीन वाचकाचं उपकरण ती नीट वाचून दाखवतं. चित्रांना पर्यायी वर्णन लिहायला शिका. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला असून ई-पुस्तकं त्याच्या कक्षेत आहेत. हे काम जाणणारी माणसं आज अनेक संस्थांना हवी आहेत.

मेटाडेटाला कंटाळवाणा समजू नका. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी आहे, आणि कापडी बांधणी, कागदी बांधणी, ई-पुस्तक अशा प्रत्येक रूपाला स्वतंत्र क्रमांक लागतो. शीर्षक, लेखक, विषयसंकेत, वर्णन, किंमत, प्रकाशनदिनांक ही माहिती ऑनिक्स या ठरीव पद्धतीने वितरकांकडे आणि विक्रेत्यांकडे जाते. विषयांसाठी २०१३ पासून थीमा ही आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे. विषयसंकेत चुकला की चांगलं पुस्तक चुकीच्या कप्प्यात जाऊन पडतं आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर लिहिण्यात जेवढा जीव ओतता, तेवढाच इथेही ओता.

खर्चाचं गणित स्वतः मांडा

या भागावर मी रेंगाळणार आहे, कारण इथे भले भले गडबडतात. छापील किंमत १०० भाग धरू. समजा विक्रेते आणि वितरक मिळून ४५ भाग सवलत घेतात. प्रकाशकाकडे ५५ येतात. लेखकाची रॉयल्टी छापील किमतीवर १० टक्के असेल तर ४५ उरतात. एका प्रतीची छपाई-बांधणी २० भागांत होते, उरले २५. संपादन, मांडणी, मुखपृष्ठ, प्रसिद्धी हा प्रतींच्या संख्येवर न अवलंबणारा खर्च २०,००० भाग आहे. भागाकार केला की ८०० प्रती विकल्या गेल्यावर खर्च निघतो, असं उत्तर येतं.

हे उत्तर फसवं आहे. छपाईचा खर्च विकलेल्या प्रतींवर होत नाही, छापलेल्या प्रतींवर होतो. १२०० प्रती छापल्या तर छपाईचे २४,००० आणि स्थिर २०,००० मिळून ४४,००० भाग आधीच गेले. प्रत्येक विक्रीतून रॉयल्टी वजा जाता ४५ परत येतात. म्हणजे ९७८ प्रती विकाव्या लागतील. २००० छापल्या, आणि सोपेपणासाठी प्रतीमागचा खर्च तोच धरला, तर आकडा १३३४ वर जातो. जास्त छापल्याने प्रत स्वस्त पडते, हे खरं. पण न विकलेली प्रत गोदामाचं भाडं खाते आणि विक्रेत्याकडून परत आलेली प्रत वाहतुकीचा खर्चही घेऊन येते. मागणीनुसार छपाईत प्रत महाग पडते, पण साठा उरत नाही. तुमच्या पुस्तकासाठी तिन्ही पर्यायांचे तक्ते करा आणि कुठला निवडला व का, ते एका परिच्छेदात लिहा. तो परिच्छेद मुलाखतीत लागेल.

याच टप्प्यावर हक्कांचा विचार करा. प्रताधिकाराविषयीच्या १८८६च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखनाला सर्वसाधारणपणे लेखकाच्या हयातीनंतर किमान ५० वर्षं संरक्षण आहे. अनेक देशांत ते जास्त आहे. मूळ लेखन मुक्त झालं तरी त्याच्या अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असू शकतो. प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेली गीताची ओळ, छायाचित्र, नकाशा यांच्या परवानग्या संहिता संपादित होत असतानाच मागा. पुस्तक छापायला निघाल्यावर मागितल्या तर पुस्तक अडतं. अनुवाद, श्राव्य आवृत्ती, चित्रपट हे हक्क करारात वेगवेगळे नोंदलेले असतात. ते आपल्याकडे आहेत की लेखकाकडे, हे माहीत असल्याशिवाय हक्कविक्रीची बोलणी करता येत नाहीत. फ्रँकफर्टचा ऑक्टोबरमधला मेळा, लंडनचा मेळा आणि मुलांच्या पुस्तकांसाठी बोलोन्याचा मेळा हे या बोलण्यांचे मोठे बाजार आहेत. विद्यार्थी असताना एखाद्या मेळ्यात जाता आलं तर आठवडाभर वर्गात बसण्यापेक्षा जास्त कळतं. मात्र तिथे ठरलेल्या भेटींत व्यग्र असलेल्या माणसांपुढे स्वतःची संहिता सरकवू नका.

उमेदवारी: कुठे, कशी आणि किती

मोठं नाव मिळालं की उमेदवारी सार्थकी लागली, असा समज आहे. मी लहान संस्थेची बाजू घेईन. मोठ्या संस्थेत महिनाभर एकच काम हाती असू शकतं. पाच-सात माणसांच्या कार्यालयात सकाळी प्रूफ, दुपारी छापखान्याशी बोलणं, संध्याकाळी समीक्षकांना पुस्तकं पाठवणं असं सगळं अंगावर पडतं. विद्यापीठांची मुद्रणालयं, साहित्य-प्रतिनिधींची (लेखकांच्या एजंटांची) कार्यालयं, नियतकालिकं, वितरक, छापखाने हेही पर्याय आहेत. काही महिने पुस्तकांच्या दुकानात काम केलेला उमेदवार मला विशेष मोलाचा वाटतो. ग्राहक पुस्तक उचलतो, पाठीमागचा मजकूर वाचतो आणि परत ठेवतो, हे त्याने रोज पाहिलेलं असतं.

पत्र एका पृष्ठाचं असावं आणि ते एका माणसाच्या नावे जावं. संस्थेची अलीकडची दोन पुस्तकं तुम्ही वाचली आहेत हे त्यातून दिसावं, तुम्हाला काय येतं हे ठोस लिहावं (स्टाइल शीट ठेवतो, इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये साधी मांडणी करतो, ईपब तपासतो) आणि कधीपासून किती काळ येऊ शकता ते सांगावं. पत्रात शुद्धलेखनाची चूक असली तर बाकीचं कोणी वाचत नाही. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एक नम्र स्मरणपत्र पाठवा. त्याहून जास्त नको.

मोबदल्याबद्दल स्पष्ट बोला. काम देता येतं त्या संस्थेने पैसेही द्यावेत, असं माझं मत आहे. विनावेतन उमेदवारी करायचीच असेल, तर ती पदवीचा भाग असावी आणि तास, कालावधी, मार्गदर्शक कोण आणि कुठली कामं शिकायला मिळणार हे लेखी असावं. फक्त पार्सलं बांधायला लावणाऱ्या जागेतून बाहेर पडण्याचा संकोच बाळगू नका.

आत गेल्यावर रोज दहा मिनिटं नोंद ठेवा: आज कुठलं पुस्तक कुठल्या टप्प्यावर होतं, काय अडलं, कोणी कसं सोडवलं. सुरुवातीला आपणहून आलेल्या संहितांचा ढीग तुमच्यापुढे येईल. तो वेगाने वाचायला शिका, पण प्रत्येकीवर चार ओळींचं कारण लिहा. नाकारण्याची कारणं लिहिता लिहिता निवड तयार होते. मग तीन गोष्टी मागून घ्या: निवड-बैठकीत मागे बसण्याची परवानगी, एका प्रकाशित पुस्तकाचा जमाखर्च पाहण्याची संधी आणि एका पुस्तकाच्या वेळापत्रकाची जबाबदारी. तिन्ही मिळतीलच असं नाही. विचारलं नाही तर मात्र एकही मिळणार नाही.

गोपनीयतेला इथे फार वजन आहे. अप्रकाशित संहिता घरी पाठवू नका, मित्राला दाखवू नका, लेखकाच्या आणि संस्थेच्या परवानगीवाचून कुठल्याही ऑनलाइन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनात टाकू नका. एका चुकीने विश्वास जातो आणि या व्यवसायात सगळे एकमेकांना ओळखतात.

कामांचा संग्रह आणि प्रबंध

संग्रहात पंधरा गोष्टी भरण्यापेक्षा पाच नेमक्या ठेवा: एक वाचन-अहवाल, आधी-नंतर दाखवणारा संपादित उतारा शंकापत्रासह, एका पुस्तकाचा खर्चाचा तक्ता टिपणासह, मलपृष्ठाचा मजकूर आणि त्याचे पहिले खर्डे, आणि तुम्ही काढलेलं पुस्तक. उमेदवारीतलं काम दाखवायचं असेल तर लेखी परवानगी घ्या. ती नसेल तर तसंच काम प्रताधिकारमुक्त मजकुरावर नव्याने करा.

प्रबंधाचा विषय नोकरीच्या दिशेने निवडा. 'डिजिटल युगातलं पुस्तकांचं भवितव्य' अशा विषयावर लिहून हाती काही येत नाही. 'लहान प्रकाशकांच्या ई-पुस्तकांत चित्रांची पर्यायी वर्णनं कशी लिहिली जातात' यावर लिहायला बसलात तर वीस माणसांशी बोलावं लागतं. त्यातल्याच एखाद्याला वर्षभराने साहाय्यक हवा असतो.

पहिली नोकरी

संपादकीय, निर्मिती, हक्क आणि प्रसिद्धी या चारही विभागांतल्या साहाय्यकपदांसाठी अर्ज करा. संशोधनपत्रिकांकडे दुर्लक्ष नको. तिथे परीक्षणाची प्रक्रिया, २००० साली स्थापन झालेल्या क्रॉसरेफ या संस्थेकडे डीओआय (लेखाचा डिजिटल ओळखक्रमांक) नोंदवणं, १९९७ पासून काम करणाऱ्या कोप या प्रकाशन-नीतिमत्तेच्या समितीच्या मार्गदर्शक सूचना अशी शिस्तबद्ध कामं असतात, आणि ती शिस्त पुढे कुठेही उपयोगी पडते. मुलाखतीत बहुधा संपादनाची चाचणी देतात. तिथे सगळं बदलून टाकण्याचा मोह आवरा. गरजेच्याच दुरुस्त्या करा, लेखकाचा सूर राखा, शंका वेगळ्या लिहा आणि शेवटी छोटी स्टाइल शीट जोडा. चाचणी घेणारा चुका किती पकडल्या ते पाहतो, तसंच बरोबर असलेलं किती बिघडवलं तेही पाहतो.

स्वतंत्रपणे काम करायचं ठरवलंत तर दर शब्दसंख्येवर किंवा तासावर आधीच ठरवा, आणि तो सांगण्यापूर्वी दहा पृष्ठांचा नमुना करून तासाला किती मजकूर होतो ते पाहा. करारात कामाची पायरी नावानिशी लिहा (कॉपी एडिटिंग की मुद्रितशोधन), फेऱ्या किती, संहिता उशिरा आली तर मुदतीचं काय, पैसे किती दिवसांत आणि काम मध्येच थांबलं तर किती, आणि श्रेयपानावर तुमचं नाव जाणार की नाही, हेही.